बारा सांगाडे आणि दिलवरची फळी

नंदुरबारला उतरले तेव्हा माझ्या खांद्यावर पुठ्ठ्याची लांब नळी होती आणि त्या नळीत बारा सांगाडे होते. लिनोलियमच्या मऊ तुकड्यांवर कोरलेले, काळ्या शाईत कागदावर छापलेले. परतल्यापासून लोक विचारतात की एवढ्या लांब सातपुड्यात तू कशाला गेली होतीस, आणि मी दर वेळी थोडं वेगळं उत्तर देते. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आमचा इचलकरंजीत ट्रेडलचा, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राचा, छोटा छापखाना आहे. यंत्रमाग कामगारांची पत्रकं तिथे छापली जायची आणि ओल्या शाईचे कागद घरभर दोरीवर वाळत असायचे. ध धनुष्याचा शिकायच्या आधी मला ध धिक्काराचा माहीत होता. मध्यंतरी सगळीकडे युद्धाची भाषा चढली. आमच्या गल्लीत, जिथे कुणाचाही मुलगा फौजेत नाही, तिथे लोक रोज संध्याकाळी युद्ध मागत होते. तेव्हा मी कोरायला बसले. मृत्यू टीव्हीच्या स्टुडिओत माईक धरून बसलाय. मृत्यू मागावर कफनाचं कापड विणतोय. मृत्यू नवरदेव होऊन घोड्यावर बसलाय आणि पुढे पोरं नाचतायत. अशी बारा चित्रं झाली.

सांगाडाच का? लाकडात कोरून छापणाऱ्यांनी शेकडो वर्षं युद्धाबद्दल बोलताना सांगाडाच वापरला आहे. राजाचा हात धरून चालणारा, नांगरामागे उभा राहणारा, शिपायाच्या शेजारी ढोल वाजवणारा. एका ठशातून हजार प्रती निघतात, वाचता न येणाऱ्यालाही अर्थ लागतो, आणि हाडांना गणवेश नसतो. आपला कोण, शत्रू कोण, हे सांगाडा सांगत नाही. मला याच्याइतकं प्रामाणिक चित्र दुसरं माहीत नव्हतं.

माझी कॉलेजातली मैत्रीण रेखा मोलगीजवळच्या आश्रमशाळेत सहा वर्षं शिकवते. तिला ही चित्रं फोनवर पाठवली तेव्हा ती म्हणाली, इकडच्या बाजारात लाव, बघू लोक काय म्हणतात.

नंदुरबार

पहिला मुक्काम रेखाच्या माहेरी. तिचे वडील, अण्णा, एसटीतून निवृत्त झालेले. ताटात ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि वर कच्च्या तेलाची धार. आमच्याकडे कोल्हापुरी तिखटाचा फार अभिमान. शेवभाजीचा दुसरा घास घेतला आणि तो अभिमान मी निमूटपणे पाण्याबरोबर गिळला.

जेवण झाल्यावर अण्णांनी चित्रं बघायला मागितली. एकेक कागद दिव्याखाली धरून ते बराच वेळ बघत राहिले. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, “हाऊ कोन शे?”

मी म्हटलं, मृत्यू.

“मरन शे ते समजनं. पन कोनं मरन? याले रडाले कोन येई?”

हे मरण कुणाचं, याला रडायला कोण येणार, यावर मी त्यांना सांगाड्याला गणवेश नसतो वगैरे सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मान हलवली आणि रेखाच्या आईला सांगितलं की पोरीला दूध दे, लांबून आली शे. माझ्या बारा वर्षांच्या वाचनाला दुधाचं उत्तर मिळालं याचा मला त्या वेळी राग आला होता.

मोलगीचा बाजार

अक्कलकुव्याहून जीप मिळाली. देवगोईच्या घाटात पळस फुलले होते, उरलेलं जंगल करडं. सोळा माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर मोहाची पोती. माझी नळी एका आजीने सगळा घाट आपल्या मांडीवर आडवी धरली आणि उतरताना मला बजावलं की हिला ऊन लावू नकोस. आत काय आहे हे तिने विचारलंही नव्हतं. इथे सगळे मला पहिल्या वाक्यापासून ‘तू’ म्हणाले, आणि रेखानेही सांगितलं की तू त्यांना ‘तू’च म्हण, ‘तुम्ही’ म्हटलंस तर त्यांना तू सरकारी वाटशील. घरी बाबांनाही ‘तुम्ही’ म्हणणारी मी. दोन दिवस जीभ अडखळत राहिली.

होळी पाच दिवसांवर होती. बाजारात काठी गावच्या होळीची खरेदी चाललेली: घुंगरं, मोरपिसं, दुधी भोपळे, हार-कंगन म्हणून साखरेच्या माळा. आम्ही दोन कडुनिंबांच्या मध्ये दोरी बांधून बाराही सांगाडे टांगले. मी बाजूला एका पोत्यावर बसले, समोर माझ्या कोरण्या मांडल्या आणि युद्धाबद्दल कुणी काही विचारलं तर बोलायचं म्हणून तयारीत राहिले.

पहिला माणूस आला, त्याने चित्रांकडे बघितलं आणि आपला वाकडा कोपर माझ्यापुढे धरला. त्याच्या मागे एक बाई, गुडघा घेऊन. तिच्या मागे आणखी दोघं. सगळे रांग लावून उभे होते. रेखा हसून हसून झाडाला टेकली तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाजारात हाडं बसवणारा वैद्य येतो, त्याच्या मागे सांगाड्याचं चित्र असतं. तालुक्याच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरच्या दारावरही तेच. सांगाडा म्हणजे इथे हाड बसतं, एवढं साधं चिन्ह. मी एक नव्हे, बारा लावले होते, त्यामुळे मी फार मोठी वैद्य असणार. आणि समोर मांडलेली माझी धारदार हत्यारं बघूनही कुणी मागे सरकलं नाही, यात त्यांचं धैर्य दिसतं.

मी एकेकाला खऱ्या वैद्याकडे पाठवत होते. तो पलीकडच्या रांगेत बसला होता आणि त्या दिवशी त्याची चांगली चालली. शेवटी रांगेत एक म्हातारा उरला. उजवं मनगट बांबूच्या कामट्यांत घट्ट बांधलेलं. तो म्हणाला की मला हाड दाखवायचं नाही, ते बांधून झालंय. तो नवरदेवाच्या चित्रापाशी गेला आणि डाव्या हाताने घोड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं.

“घोडा चांगला केला तू,” तो म्हणाला. “वर बसला तो कोण?”

मृत्यू, मी म्हटलं.

“नाव काय त्याचं?”

मृत्यूच, मी पुन्हा म्हटलं, पण अण्णा आठवले आणि आवाज जरा उतरला. म्हाताऱ्याने माझी एक कोरणी उचलली, अंगठ्यावर धार बघितली आणि विचारलं, “साग कापेल?”

पाड्यावर

त्याचं नाव खेमजी. आजूबाजूच्या पाड्यांत मेलेल्या माणसांच्या फळ्या कोरणारा तो एकटाच. मुलाच्या हातात कला आहे, पण मुलगा ऊसतोडीला गुजरातेत. जो माणूस घरापासून लांब किंवा वेळेआधी मरतो, त्याला बसायला जागा नसते, असं इथे मानतात. मग त्याच्यासाठी सागाची छातीएवढी फळी कोरून शेताच्या बांधावर उभी करतात. फळी उभी राहिली की तो तिथे येऊन बसतो, आणि पुढे प्रत्येक सणाला घासातला पहिला वाटा त्याला मिळतो.

ही फळी दिलवरची होती. काठीच्या अलीकडच्या पाड्यावरचा पोरगा, फौजेत होता. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी सीमेवर गोळी लागून गेला. रेखाला तो माहीत होता. सुट्टीवर आला की शाळेतल्या मुलांना कवायत शिकवायचा, आणि मुलं दोन दिवस भाजी वाढणाऱ्या बाईलाही सलाम ठोकत. खेमजीने घोडा, सूर्य आणि चंद्र कोरून ठेवले होते. मग आढ्यावरून उतरवताना तीच फळी त्याच्या मनगटावर पडली. मेलेल्याच्या घरच्या माणसाने फळीला लोखंड लावायचं नसतं. आणि ती होळीआधी उभी करायची होती, कारण पाहुणे होळीला येणार, बोकड ठरलेला, ढोल ठरलेला. आता राहिली तर पुढच्या होळीपर्यंत दिलवर बाहेरच.

दिलवरची आई जमनाबाई. आम्ही पोचलो तेव्हा ती जेवायला बसत होती. आधी तिने एका पानावर भाकरी आणि आमचूर घातलेली उडदाची डाळ काढली, दाराबाहेर ठेवली आणि मग आपल्या ताटापाशी आली. पण घास न घेता दाराकडे बघत राहिली. कुत्रं आलं आणि पान चाटून गेलं. तेव्हा कुठे तिने भाकरी मोडली. रेखा हळूच म्हणाली की सहा महिने दोन्ही वेळा हेच चाललंय. ती म्हणते, त्याला जागा नाही म्हणून कुत्री खातात. जागा झाली की तो स्वतः खाईल.

आमच्याकडे मेलेल्याच्या वतीने कावळा जेवतो आणि आपण लांबून तो शिवतो का हे बघत बसतो. इथे मधला कुणी नको होता.

घरात कुडाच्या भिंतीवर एक फ्लेक्स होता. तालुक्याच्या श्रद्धांजली सभेतला, दिलवरच्या वडिलांना, रायसिंगला, कुणीतरी आणून दिलेला. मूळ फ्लेक्स भिंतीहून मोठा असावा. रायसिंगने तो चारही बाजूंनी आत दुमडला होता. मी कुतूहलाने एक कड उचलून बघितली: आत हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे चेहरे, प्रत्येक दिलवरच्या चेहऱ्याच्या दुप्पट. त्यांना दुमडून त्याने पोरगा तेवढा बाहेर ठेवला होता. माझ्या बारा चित्रांत जे सांगायला मला जमलं नव्हतं, ते या माणसाने चार घड्या घालून सांगितलं होतं. मी कड पुन्हा नीट आत केली.

उरलेलं कोरायला मी होकार दिला होता, पण पुढे मी अडले. खेमजीने बांधावर नेऊन जुन्या फळ्या दाखवल्या. प्रत्येकीवर घोडा बाजूने, स्वार समोर बघणारा, आणि त्याच्या उजव्या हातात तलवार. दिलवरचा आजा मोहाच्या झाडावरून पडून मेला, त्याच्याही हातात तलवार. मी म्हटलं, चेहरा कोरते, पगडी कोरते, पण तलवार कोरणार नाही. युद्धाने मारलेल्या पोराच्या हातात पुन्हा हत्यार देणं म्हणजे त्याला मारणाऱ्या गोष्टीचीच आरती. असं माझ्या हातून आजवर झालं नाही आणि होणार नाही.

हे मी बरंच लांबवलं असावं, कारण रेखा मध्येच म्हणाली, “पत्रक काढायला आलीस का गं तू? इथे छापखाना नाही.”

मी चिडले. युद्धाविरुद्ध बोलायचं ते सोयीच्या जागीच का, असं काहीतरी म्हणाले. ती म्हणाली की बोलायला तुला बाराही महिने मोकळे आहेत, या बाईकडे चार दिवस आहेत. मराठीतलं आमचं भांडण जमनाबाईला कळत नव्हतं. तिने रेखाला भिलीत विचारलं, रेखाने सांगितलं. जमनाबाईने माझ्याकडे बघितलं, चिडून नाही, मी काही विचित्र वस्तू असावी तसं. मग बोलली आणि रेखाने मराठीत सांगितलं.

“पाण्याला जाताना, लाकडाला जाताना आम्ही काहीतरी हातात घेऊनच निघतो. जंगल आहे. तो एवढा लांबून चालत येणार, त्याला रिकाम्या हाताने बोलावू?”

मी पायवाटेकडे बघितलं. बाजारातून परतणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खांद्यावर धारिया होता, लांब दांड्याचा, टोकाला वाकलेलं पातं. त्याने ते काटे तोडतात, बांबू फोडतात, साप बाजूला करतात. सकाळपासून पन्नास तरी बघितले असतील आणि एकदाही मला ते हत्यार वाटलं नव्हतं. खेमजीला विचारलं, तलवारीऐवजी धारिया चालेल का? त्याने जमनाबाईला विचारलं. ती म्हणाली, तलवार त्याने कधी बघितली होती?

मोहाखाली

दोन दिवस मी मोहाच्या झाडाखाली फळीवर वाकून होते. साग म्हणजे लिनो नव्हे. लिनो लोण्यासारखा कापतो, साग आधी तुमची परीक्षा घेतो. पहिल्याच सकाळी माझी एक कोरणी मोडली. वरून मोहाची फुलं टपटप पडत होती, वेचायला आलेल्या बाया माझ्या भोवतीची फुलं वेचून फळीवर पडलेली तेवढी तशीच ठेवत. खेमजी शेजारी बसून डाव्या हाताने खडूसारखा कोळसा धरून सांगत होता. मला फ्लेक्सवरच्या फोटोवरून दिलवरचा चेहरा हुबेहूब आणायचा होता. त्याने नको म्हटलं. दोन डोळे, नाक, मिशी, बस. “तोंड सगळ्यांचं सारखं,” तो म्हणाला. “नाव आईला माहीत आहे. कुणासाठी कोरते ते बघ.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो कामट्या आवळून घ्यायला वैद्याकडे गेला. मी पातळ कागदावर हात आणि धारिया रेखाटले, कागद फळीवर ठेवला, कोळशाने उतरवला आणि कोरायला लागले. संध्याकाळपर्यंत धारियाचं पातं असं उतरलं होतं की मीच खूश झाले. दुसरा हात कोरला, त्या हातातला लगाम तेवढा राहिला आणि उजेड गेला. खेमजी परत आला तेव्हा काही दिसण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला की लगाम राहू दे, घोडा घरचाच आहे.

सकाळी फळी बांधावर नेली. ढोल वाजत होता, पाहुणे आले होते, बोकड एका खुंटाला बांधून पाला खात होता. रायसिंगने आणि त्याच्या भावाने खड्ड्यात फळी उभी केली, दगड ठोकले. जमनाबाई हळद आणि तेल घेऊन पुढे आली. सूर्य कोवळा, तिरपा. त्या उजेडात कोरलेली प्रत्येक रेघ सावलीसकट उठून दिसत होती. तिने फळीवरच्या सूर्याला तेल लावलं, चंद्राला, घोड्याला, चेहऱ्याला. मग तिची बोटं धारियापाशी आली आणि थांबली.

धारिया डाव्या हातात होता.

मला कळायला एक क्षण लागला. छापणारा माणूस सगळं उलट कोरतो, कारण कागदावर ते सुलट उतरतं. पंधरा वर्षं मी डावं उजव्याला आणि उजवं डाव्याला कोरत आले आहे. हाताने सवयीने तो पातळ कागद पालथा घातला होता. पण या फळीवर कुणी कागद ठेवणार नव्हतं. शेजारच्या सगळ्या फळ्यांवर उजव्या हातात तलवारी होत्या आणि माझा दिलवर एकटा डावखुरा.

ढोल थांबला. पाहुण्यांत कुजबुज झाली. रायसिंग खेमजीकडे बघत होता. मी म्हटलं की तासून काढते, पुन्हा कोरते, मला एक दिवस द्या, पण खेमजीने मान हलवली. तासलेला हात म्हणजे तुटलेला हात, तसा कुणी ठेवत नाही. दुसरी फळी नव्हती, आणि उभी केलेली फळी काढत नाहीत.

“मी सांगितलं होतं, कुणासाठी कोरते ते बघ,” तो मला हळू म्हणाला. “तू कागदासाठी कोरलं.”

त्याने रागाने म्हटलं नव्हतं. अण्णांनी दिव्याखाली विचारलेलं, बाजारात त्याने स्वतः विचारलेलं, सगळं त्या एका वाक्यात होतं. माझे बाराही सांगाडे कागदासाठी होते. ते बघणाऱ्यासाठी होते. मेलेल्यासाठी त्यांतला एकही नव्हता.

जमनाबाईने कुणाकडेच बघितलं नाही. तिची बोटं डाव्या हातावरून छातीवर आली आणि तिथून उजव्या हातावर गेली. लगाम राहून गेलेला तो हात, घोड्याच्या मानेवर उताणा, बोटं उघडी. तिने त्या तळव्यात बोट घालून बघितलं. मग मागे वळून कुणाला तरी काही मागितलं. पानावरची भाकरी आली. तिने तिचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि त्या लाकडी तळव्यात बसवला. तो तिथे नीट बसला. खाली मोहाची दारू ओतली आणि काहीतरी म्हणाली. सगळे हसले, रायसिंगसुद्धा, आणि ढोल पुन्हा सुरू झाला.

मी खेमजीकडे बघितलं.

“ती म्हणते,” त्याने सांगितलं, “दुसऱ्यांच्या उजव्या हातात तलवार. ते कशाने खात असतील?”

दुपारी पंगत बसली. जमनाबाई बायांच्या रांगेत बसली, दाराकडे पाठ करून. मी तिच्याकडे बघते आहे हे तिला कळलं असावं. तिने माझ्या पानात आणखी एक भाकरी टाकली आणि स्वतः जेवायला लागली.

घरी

सांगाडे मी फाडले नाहीत. ते खोटे नाहीत. युद्ध मागणाऱ्यांसमोर ते टांगायचे आहेत आणि मी टांगणार आहे. अकरा परत आणले. नवरदेवाचं चित्र खेमजीने घोड्यासाठी मागून घेतलं. पण रायसिंगच्या आणि जमनाबाईच्या परवानगीने मी तेरावं चित्र कोरलं, आणि त्याखाली पहिल्यांदाच एक नाव घातलं.

पहिली प्रत बाबांनी ट्रेडलवरून उचलली. वर्षानुवर्षं मुद्रितं तपासलेल्या डोळ्यांनी त्यांनी ती खालीवर बघितली. घोडा, सूर्य, चंद्र, डाव्या हातात धारिया.

“उजव्या हातात काही द्यायचं राहिलं का?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. “त्याला जेवायचंय.”